दोन भाडेकरू, एक घर

दिल्लीत संशोधन करत असताना वर्ष-दीड वर्ष मी मला नको असलेली घरं शोधत होते. ते माझं अर्धवेळ काम होतं. घर भाड्यानं देताना मालक धर्म आणि जात पाहतात का, पाहत असतील तर किती, याचा अभ्यास करणारा एक गट होता. त्यात मी ‘टेस्टर’ होते. एका फेरीचे ठरलेले पैसे मिळायचे, वर मेट्रो आणि रिक्षाचं भाडं. शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने रखडायची, तेव्हा या पैशांवर मेसचं बिल भागायचं.

कामाची रीत साधी होती. एका घराला दोघीजणी जायच्या, वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या. जोडीतल्या दोघींचं वय, शिक्षण, उत्पन्न सारखं. विचारायचे प्रश्नही तेच: घर कधीपासून मोकळं आहे, भाडं किती, डिपॉझिट किती, पाण्याची वेळ काय, आणखी कुणी बघायला येणार आहे का. वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही. वाद घालायचा नाही. टोकन द्यायची गोष्ट निघाली तर ‘घरी विचारून सांगते’ म्हणून निघायचं आणि त्याच संध्याकाळी फोन करून नको म्हणून कळवायचं, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकाची अडवणूक व्हायला नको. परत आल्यावर दोघींनी आपापला फॉर्म भरायचा. दोन्ही फॉर्म पर्यवेक्षकाकडे जमा होईपर्यंत त्या घराबद्दल आपसात एक शब्द बोलायचा नाही.

माझी जोडीदार लातूरची. आम्ही एकाच विद्यापीठात होतो, शिष्यवृत्ती तीच, आपसात बोलायची भाषा मराठी. तिचं नाव मुसलमान, माझं ब्राह्मण. अभ्यासाच्या दृष्टीनं आमच्यात तेवढाच फरक होता.

टेस्टरला मराठीत काय म्हणावं, यावर एकदा आमची चर्चा झाली. ती पटकन म्हणाली, “तोतया म्हण की.” पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेल्या माणसाची आठवण त्या शब्दाला चिकटलेली आहे, आणि दिल्लीहून पानिपत काही लांब नाही. आम्ही हसलो. पण शब्द मनात राहिला. तोतया म्हणजे फसवणारा. ज्यांचं काहीच वाकडं केलेलं नाही अशा माणसांच्या घरात शिरून, त्यांनी दिलेलं पाणी पिऊन, नको असलेलं घर हवं आहे असं सांगणं नैतिकदृष्ट्या कसं बसतं?

पहिला आक्षेप खोटेपणाचाच आहे. कांटनं १७९७ मध्ये एक टोकाची भूमिका मांडली होती: आपल्या आश्रयाला आलेल्या मित्राला शोधत खुनी दाराशी आला, तरी त्याच्याशी खोटं बोलायचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याकडे युधिष्ठिराचं ‘नरो वा कुंजरो वा’ आहे. शब्द खरे, हेतू खोटा. आणि तेवढ्यानं, कथा सांगते, जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. या दोन्ही कसोट्यांवर टेस्टर नापास होते. माझ्या वाक्यावाक्यात खोटेपणा नव्हता. मी संशोधक होते, शिष्यवृत्ती खरी होती, नाव खरं होतं. पण ‘घर बघायला आलेय’ या एका वाक्यावर बाकी सगळं उभं होतं.

वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षकाचं उदाहरण इथे सहज सुचतं. किलोभर साखर तोलून घेणाऱ्या निरीक्षकाला साखर नको असते. वजन खरं आहे का, एवढंच पाहायचं असतं. दुकानदारानं काटा सर्वांसाठी मांडला आहे, तर तो कुणीही तपासावा. ‘टू लेट’ची पाटीही रस्त्यावरच्या प्रत्येकाशी बोलत असते. पण या उपमेत एक अडचण आहे. निरीक्षकाला कायद्यानं नेमलेलं असतं. आम्हाला कुणी नेमलं होतं?

अमेरिकेत या प्रश्नाला उत्तर आहे. तिथल्या १९६८ च्या फेअर हाऊसिंग कायद्यात वंश, धर्म अशा कारणांवरून घर उपलब्ध असताना ‘नाही’ असं कुणालाही सांगणं हाच गुन्हा मानला आहे. १९८२ साली हेवन्स रिअल्टी विरुद्ध कोलमन या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर असा मुद्दा आला, की जिला घर घ्यायचंच नव्हतं ती टेस्टर दाद कशी मागू शकते? न्यायालयानं सांगितलं, मागू शकते. कायद्यानं खऱ्या माहितीचा हक्क दिला आहे आणि तिच्याशी खोटं बोललं गेलं. घर घ्यायचा विचार होता की नव्हता, याचा त्या इजेशी संबंध नाही. व्हर्जिनियातल्या त्या प्रकरणात काळ्या टेस्टरला घरं नाहीत असं सांगितलं होतं आणि गोऱ्या टेस्टरला आहेत असं. गोऱ्या टेस्टरला मात्र या मुद्द्यावर दाद मागता आली नाही, कारण त्याला खरं सांगितलं गेलं होतं.

ब्रिटनमध्येही १९६७ च्या एका मोठ्या पाहणीत टेस्टर पाठवले होते. तिथे जोडीऐवजी त्रिकूट होतं: एक इंग्रज, एक वेस्ट इंडीजहून आलेला, आणि एक गोरा पण परदेशी, हंगेरियन. ‘आम्हाला रंगाचं काही नाही, उपऱ्यांची अडचण वाटते’ ही सबब तपासण्यासाठी तो तिसरा. पुढच्याच वर्षी तिथला वंशभेदविरोधी कायदा घरांनाही लागू झाला.

आपल्याकडे असं काही नाही. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाचा दुसरा भाग दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख करतो. भाड्याच्या घराचा करत नाही. १९५८ चा दिल्लीचा भाडेनियंत्रण कायदा किंवा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा, दोन्ही भाडं, करार, घर रिकामं करणं यांबद्दल बोलतात. कुणाला घर नाकारलं याबद्दल बोलत नाहीत. उलट २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशांना देण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयानं मान्य केली. म्हणजे आमच्या फॉर्मवरून दिल्लीतल्या कुठल्याही मालकावर खटला होणार नव्हता. कायद्याची ढाल नव्हती. आमच्या खोटेपणाचं समर्थन व्हायचं असेल तर ते आमच्या कामाच्या आतूनच व्हायला हवं होतं.

ते मला सापडलं बाबासाहेब आंबेडकरांच्या बडोद्याच्या हकिगतीत. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी विश्रामगृहात, वहीत पारशी नाव लिहून, त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. मग ते दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही दार आपटलं नाही. एकानं घरच्या नोकरांची अडचण सांगितली, दुसऱ्यानं बायकोला विचारावं लागेल असं सांगितलं. उरलेला वेळ बागेत काढून त्यांनी मुंबईची गाडी धरली. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

त्यांची गरज खरी होती, नाव खोटं होतं. आमचं नाव खरं होतं, गरज खोटी. आणि दोन्ही ठिकाणी दार उघडायचं की नाही हे नावावर ठरलं, गरजेवर नाही. मालकाचा निर्णय ज्या गोष्टीवर होतो तिच्याबद्दल आम्ही खोटं बोलत नव्हतो. माझ्या जोडीदाराला खरोखर घर हवं असतं, तरी त्या दारात तिला तेच उत्तर मिळालं असतं. तीन वर्षं मिळत आलंच होतं. म्हणून आमचा खोटेपणा हा खोटेपणाच होता, पण त्यानं जे तपासायचं ते बिघडत नव्हतं. वीस मिनिटं वाया घालवल्याबद्दल मी त्या मालकांची देणेकरी आहे. त्यांच्या उत्तराची जबाबदारी मात्र माझ्याकडे येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. या कामात जोडीतल्या एकीला ठरवून नकार खायला पाठवलं जातं. मला चहा आणि तिला नकार, आणि दोघींना पैसे सारखे. मी तिला हे एकदा विचारलं. ती म्हणाली, “ड्युटीवर असताना नकार अंगाला लागत नाही गं. घरी गेल्यावर लागतो.” मग जरा थांबून, “पण आधी तो फुकट मिळायचा.” तिला जास्त पैसे द्यावेत का, अशी चर्चा गटात झाली होती. तिनंच ती मोडीत काढली. अपमानाचा दर ठरवायला बसलो तर तो किती ठरवणार, हा तिचा प्रश्न होता. ती हे काम का करते, ते मला मयूर विहारच्या घरानंतर समजलं.

मयूर विहारमधला दुसरा मजला होता. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. मी सकाळी गेले. त्यांनी गच्ची दाखवली, एक तारखेपासून घर मोकळं आहे म्हणाल्या, चहा केला, रात्री उशीर होईल का असं विचारलं, आणि ‘बेटा, जल्दी बताना’ म्हणून निरोप दिला. माझी जोडीदार दुपारी गेली. तिला नाव विचारलं, पाणी दिलं, आणि घर कालच गेलं म्हणून सांगितलं. उन्हातून आलीस, थोडी बस म्हणाल्या. आमच्या फॉर्ममध्ये मालकाच्या वागण्याला पाचपैकी गुण द्यायचा रकाना होता. माझ्या जोडीदारानं त्यांना पाच दिले होते. मीही पाचच दिले होते.

दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले तेव्हा ते कळलं. आणि तेव्हाच कळू शकत होतं. तिचा एकटीचा फॉर्म वाचला तर त्यात भेदभाव नाही: घर गेलं होतं, बाई भल्या होत्या. माझ्या एकटीच्या फॉर्मातही भेदभाव नाही: घर होतं, बाई भल्या होत्या. भेदभाव त्या दोन कागदांच्या मधल्या फटीत होता. जिच्यावर तो झाला तिला दिसला नाही, आणि जिच्या बाजूनं तो झाला तिलाही दिसला नाही. त्या संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, “तीन वर्षं मला वाटत होतं, मी उशिरा पोचते.”

घराबाबतचा भेदभाव आपण अपमानाच्या चित्रात शोधतो: शिवी, आपटलेलं दार, ‘तुमच्यासारख्यांना देत नाही’. ते होतंच, दलालांच्या तोंडून तर सर्रास. पण बरंचसं काम सभ्यपणानं पार पडतं. म्हणून एकेकट्याच्या अनुभवातून ते सिद्ध होत नाही आणि ‘तुम्हीच मनाला लावून घेता’ असं म्हणायला जागा राहते. जोडीनं केलेली तपासणी ही जागा बंद करते. मराठी अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुडगाव इथे अशीच पाहणी केली. २०१५ साली ती ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाली. फोनवरून चौकशी करणारे उच्चवर्णीय, दलित आणि मुसलमान प्रत्येकी ४९३ होते. उच्चवर्णीयांना नकार जवळजवळ नव्हताच. दलितांना सुमारे १८ टक्के आणि मुसलमानांना सुमारे ३१ टक्के वेळा सरळ नकार मिळाला. त्याखेरीज वाढीव भाडं, जादा अटी होत्याच.

सगळ्या तपासण्या एकच चित्र दाखवतात असं नाही. पुढच्याच वर्षी दिल्लीबद्दलचा आणखी एक अभ्यास आला. त्यात घरांच्या वेबसाइटवरून नुसत्या नावानिशी चौकशी पाठवली होती. मुसलमान नावांना मालकांचे प्रतिसाद स्पष्टपणे कमी आले, पण जातीचा फरक तसा ठळक दिसला नाही. आमच्या गटातल्या नागपूरच्या मैत्रिणीला यात नवल वाटलं नाही. तिचं आडनाव महाराष्ट्रात उंबऱ्यावरच वाचलं गेलं असतं. दिल्लीत ते नुसतं ‘महाराष्ट्रियन’ होतं. तिच्याबाबत मालक आधी खूश व्हायचे, खोल्या दाखवायचे, आणि मग जिन्यात सहज म्हणून विचारायचे, “वैसे आप लोग होते क्या हो?” नियमाप्रमाणे विचारल्याशिवाय सांगायचं नाही आणि विचारल्यावर खरं सांगायचं. मग किल्ली भावाकडे असल्याचं आठवायचं. जात ईमेलमध्ये मावत नाही, तिला जिना लागतो.

तिसरा आक्षेप मालकांच्या बाजूचा आहे, आणि तो हलक्यात काढू नये. घर माझं, कुणाबरोबर एका जिन्यावरून चढायचं ते मी ठरवीन. एकटी राहणारी वयस्क बाई कुणाला वर ठेवते हा तिच्या मनःशांतीचाही प्रश्न आहे. मैत्री, लग्न, जेवणाची पंगत यांत आपण निवड करतो आणि कुणी आपल्यामागे टेस्टर लावत नाही. मग घरातच का?

एक उत्तर असं की घर भाड्यानं देणं हा व्यवहार आहे, पंगत नव्हे. आणि ज्याला घर मिळत नाही त्याला शहरच मिळत नाही, म्हणजे नोकरी, शाळा, दवाखानाही नाही. जामियानगर, झाकीरनगर, बाटला हाऊस इतकी दाट का होत गेली, याचं एक कारण बाकीच्या वस्त्यांतल्या जिन्यांत आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही मुसलमानांना घर भाड्यानं किंवा विकत मिळायला अडचण येते याची नोंद आहे.

पण मला या आक्षेपाचं दुसरं उत्तर जास्त पटतं, आणि ते मालकांच्याच वागण्यातून मिळतं. हे स्वातंत्र्य त्यांना हक्काचं वाटत असेल तर ते उघडपणे का वापरत नाहीत? ‘देत नाही’ म्हणण्याऐवजी ‘कालच गेलं’ का म्हणतात? बडोद्याच्या मित्रांनी नोकर आणि बायको पुढे का केली? माझ्या आवडीनिवडीबद्दल मला कुणी विचारलं तर मी ती सांगते. जी निवड समोरच्याच्या तोंडावर सांगता येत नाही, तिच्याबद्दल आपल्यालाच काहीतरी ठाऊक असतं.

ती मुळीच सांगितली जात नाही असंही नव्हतं. ती मला सांगितली जायची. वैशालीतला एक दलाल फ्लॅटचं कौतुक करताना म्हणाला, “मॅडम, इस सोसायटी में मोहमडन नहीं रखते, आप बेफिकर रहिए.” इंदिरापुरममधल्या एका मालकांनी गॅसची पाइपलाइन दाखवावी तितक्या सहज सांगितलं, की खाली-वर सगळी आपल्यासारखी कुटुंबं आहेत. माझ्या जोडीदाराबद्दलचं सत्य मला न मागता मिळत होतं, आणि तिला तिच्याबद्दल खोटं सांगितलं जात होतं. व्हर्जिनियातल्या गोऱ्या टेस्टरला खरं सांगितलं गेलं म्हणून त्याची तक्रार उरली नाही, हे कायद्याच्या दृष्टीनं बरोबर असेल. पण सत्य ज्याच्या हाती दिलं जातं, त्याच्यावर त्यामुळे काहीतरी येऊन पडतं. काय येऊन पडतं, हा माझ्या मते या कामातला खरा नैतिक प्रश्न आहे. खोटेपणाचा प्रश्न त्यापुढे लहान आहे.

ज्याला घर मिळतं तो स्वतःला या व्यवहारातला त्रयस्थ समजतो. मी कुणाला नाकारलं नाही, मी फक्त माझं भाडं भरतो. पण पुराव्याचा निम्मा कागद त्याच्याकडेच असतो. ‘गेलं’ असं ज्याला सांगितलं, त्याला ते गेलं नव्हतं हे दुसरं कोण सांगणार? आपलं स्वागत म्हणजे आपल्या चांगुलपणाची पावती, अशी आपली समजूत असते. माझी तरी होती. मालकांना मी आवडते, माझं हिंदी बरं आहे, मी नीटनेटकी दिसते. त्या कामात मला रोज दिसत होतं की तितकंच बरं हिंदी, तितकाच नीटनेटकेपणा दोन तासांनी त्याच जिन्यावर चढतो आणि रिकाम्या हातानं उतरतो. तेव्हा माझ्या वाट्याच्या चहातला काही भाग मी कमावलेला नव्हता.

याचा अर्थ मिळालेलं घर नाकारावं असा मी काढत नाही. दिल्लीच्या उन्हात ज्यानं महिनाभर घर शोधलंय त्याला असा उपदेश करू नये. माझं म्हणणं त्याहून साधं आहे. आपल्याकडे बाजारातून आलेल्या बाईला जिन्यातच विचारतात, “केवढ्याला दिली गं मेथी?” साडी, रिक्षा, सोनाराची घडणावळ, शिकवणीची फी, सगळ्याचं असंच. त्यात भोचकपणा असेल, पण शहाणपणही आहे. दुकानदार एकीला काय सांगतो त्यावरून भाव कळत नाही, दोघींना काय सांगतो त्यावरून कळतो. हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि मेथीच्या जुडीसाठी आपण ते रोज वापरतो.

घराच्या बाबतीत मात्र आपण विचारत नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मुलगी चार महिने पेइंग गेस्ट म्हणून का राहतेय, त्याच सोसायटीत तिला काय उत्तर मिळालं होतं, तिच्याकडे किती महिन्यांचं डिपॉझिट मागितलं, हे विचारायला कुणाचं नेमणूकपत्र लागत नाही, आणि त्यासाठी खोटंही बोलावं लागत नाही. उत्तर ऐकल्यावर आपला कागद तिच्या कागदाशेजारी ठेवावा लागतो, एवढंच अवघड आहे.